बदकांची बंदूक

आजोबांची दुनळी बंदूक वडील गेल्यापासून एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होती. वारसाने एक तर ती आपल्या नावावर करून घ्यावी, नाही तर विकून किंवा सरकारजमा करून मोकळे व्हावे, अशी कायद्याची रीत आहे. मी तीन वर्षे चालढकल केली. शेवटी गेल्या हिवाळ्यात अर्ज हातात घेतला आणि 'शस्त्र कशासाठी हवे' या रकान्यापाशी अडलो. आजोबांच्या जुन्या परवान्यावर त्या जागी एकच शब्द होता : शिकार. मी स्वतः पंचवीस वर्षे दुर्बीण घेऊन पाणथळीवर फिरणारा माणूस. ते उत्तर मला देता येण्यासारखे नव्हते.

बंदूक पाहावी म्हणून दुकानात गेलो. वयस्कर मालकांनी ती उघडली, नळ्या उतरवून उजेडाकडे धरल्या, उलट्या केल्या आणि विचारले, "आजोबा काय मारायचे?"

"बदकं. सोलापूरला हिप्परग्याच्या तलावावर."

ते हसले. "साहेब, ही बदकांची बंदूकच नव्हे. ही तितराची. बदकाला कोणी ही घेत नाही."

घरी आजोबांची एक वही आहे. पाटबंधारे खात्यातल्या माणसाची शिस्त तिच्यात उतरली आहे. तारीख, वारा, काडतुसे, पक्षी असे रकाने आणि शेवटी एक अरुंद रकाना : 'गेले'. लहानपणी मला वाटे की 'गेले' म्हणजे उडून गेले. आत्याने खुलासा केला, "अरे, लागलं पण सापडलं नाही, ते. त्या रात्री बाबा जेवायचे नाहीत नीट." मालकांचे वाक्य आणि हा रकाना एकमेकांशेजारी आले आणि मला प्रश्न पडला : बदकासाठी बंदूक निवडायची म्हणजे नेमके काय निवडायचे? आजोबांनी चुकीची बंदूक निवडली होती काय? या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, ते इथे मांडतो.

चाळीस यार्डांचे गणित

आधी बंदुकीची भाषा. 'बारा बोअर' यातला बारा हा आकडा इंचांचा किंवा मिलिमीटरांचा नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. म्हणून आकडा लहान तशी नळी मोठी. बारा बोअरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची, दहा बोअरची पावणेवीसच्या आसपास, आठ बोअरची एकवीसच्या वर. रायफलीत एक गोळी असते. या नळीतून छर्‍यांचा थवा निघतो आणि जसा पुढे जातो तसा पसरत जातो.

आता बदक. ते उघड्या पाण्यावर असते, त्यामुळे माणूस लांबूनच दिसतो. जवळ जाऊ देत नाही. त्याची पिसे दाट आणि तेलकट, खाली मऊ पिसांचा थर. ताशी साठ किलोमीटरने उडणार्‍या बदकावर चाळीस यार्डांवरून, म्हणजे साडेछत्तीस मीटरांवरून, बार काढला तर छर्रे पोचेपर्यंत ते दोन मीटरांहून अधिक पुढे गेलेले असते. म्हणजे जिथे पक्षी आहे तिथे नव्हे, जिथे असेल तिथे बार काढायचा.

आजोबांच्या नळ्यांच्या पोटाशी ब्रिटिश चाचणीगृहाचे ठसे आहेत. काडतुसाच्या खोबणीची लांबी अडीच इंच आणि छर्‍यांचा कमाल भार सव्वा औंसाहून थोडा कमी, १ १/८ औंस. म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. इंग्लिश मोजमापात सहा नंबरचे छर्रे औंसाला २७० बसतात, चार नंबरचे १७०. तेव्हा या बंदुकीत सहा नंबरचे तीनशेच्या आसपास आणि चार नंबरचे एकशेनव्वद छर्रे मावतात. बारीक छर्रे पुष्कळ, पण लांबवर त्यांचा जोर टिकत नाही. जाड छर्‍यांचा जोर टिकतो, पण ते विरळ होतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून पक्षी सुटतो. सुटतो म्हणजे पूर्ण सुटला तर बरे. एकच छर्रा पोटात घेऊन गेला, तर वहीत 'गेले'.

मग नळी मोठी करावी, भार वाढवावा. पण धक्का खांद्याला बसतो. प्रसिद्ध बंदूककार ग्रीनर यांचा ठोकताळा असा, की बंदुकीचे वजन छर्‍यांच्या भाराच्या शहाण्णव पट असावे. १ १/८ औंसाला पावणेसात पौंड, म्हणजे तीन किलो. दिवसभर खांद्यावर वागवण्याजोगे. दोन औंस भाराची आठ बोअर घेतली की बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलो. ती घेऊन तितरामागे रान तुडवता येत नाही. एका जागी बसून वाट पाहणार्‍यासाठी ती आहे. दुकानदारांचे म्हणणे एवढ्यापुरते बरोबर होते. बदकाची बंदूक जड, लांब आणि मोठ्या भाराची, ही समजूत दीडदोनशे वर्षांची आहे.

ठिणगी दिसली की बुडी

या समजुतीचा आद्यपुरुष म्हणून कर्नल पीटर हॉकर यांचे नाव घ्यावे लागते. जन्म १७८६, मृत्यू १८५३. १८०९ साली स्पेनमध्ये तालाव्हेराच्या लढाईत ते जबर जखमी झाले. त्या लढाईतले त्यांचे सेनापती वेलस्ली म्हणजे सहा वर्षांपूर्वी आपल्याकडे असईला मराठ्यांशी लढलेले वेलस्लीच. जखमेमुळे हॉकर यांची लष्करी कारकीर्द आटोपली आणि उरलेले आयुष्य त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनार्‍यावर पाणपक्ष्यांमागे घालवले. १८१४ साली तरुण शिकार्‍यांना सूचना देणारे त्यांचे पुस्तक निघाले, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १८०२पासून मरेपर्यंत त्यांनी रोजनिशी लिहिली.

हॉकर यांचा खरा विषय होता नावेवरची तोफवजा बंदूक. चपटी, पाण्याबरोबर टेकलेली होडी, तिच्यात पालथा पडलेला शिकारी आणि पुढे होडीलाच जखडलेली लांबलचक बंदूक. नेम बंदुकीने नाही, होडी वळवून धरायचा. भार औंसात नाही, पौंडात मोजायचा. पाण्यावर बसलेल्या थव्यावर एक बार. हॉकर यांनी अशी दुनळी बनवून घेतली होती. तिची एक नळी चकमकीची आणि दुसरी नव्या स्फोटक दारूची. चकमकीची नळी किंचित उशिरा उडते. तेव्हा पहिली नळी बसलेल्या थव्यावर आणि दुसरी, क्षणार्धाने, उठलेल्या थव्यावर. कल्पकतेला दाद द्यावी आणि अंगावर काटाही यावा, अशी ही योजना.

ती 'नवी दारू' हीसुद्धा बदकांचीच देणगी. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरच्या कानातली दारू भडकते, धूर होतो आणि मग नळीतला बार उडतो. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना बदकांच्या शिकारीचा नाद होता. त्यांची गोष्ट अशी सांगतात, की ठिणगी दिसताच पक्षी सावध होत आणि छर्रे पोचण्याआधी निसटत. म्हणून त्यांनी आघाताने पेटणारी स्फोटक भुकटी वापरून बाहेरचा भडका टाळला आणि १८०७ साली पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली आणि आपल्याकडे 'टोपीची बंदूक' हा शब्द आला. १८४०च्या दशकात युरोपातल्या फौजांनी चकमक टाकून टोपी स्वीकारली. एका पाद्र्याला बदकाने हुलकावणी दिली, तिचा परिणाम रणांगणापर्यंत गेला.

नळीचे तोंड आवळले

पुढची पन्नास वर्षे सुधारणांची. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात फ्रेंच लफोशो यांची मागून भरायची बंदूक इंग्रजांनी पाहिली. ठासणीचा काळ सरला. काडतूस घाला, मिटा, चाप ओढा. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी दारू, बोळा, छर्रे ठासण्याचे काम गेले. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी बाहेरचे घोडे नसलेली साधी, भरवशाची रचना आणली. आजोबांची बंदूक त्याच घराण्यातली.

पण बदकांच्या दृष्टीने सगळ्यांत मोठी सुधारणा डोळ्यांना दिसतही नाही. नळीचे तोंड शेवटी जेमतेम एक मिलिमीटरने आवळायचे. याला चोक म्हणतात. नळाच्या तोंडाशी बोट धरले की पाण्याची धार लांब जाते, तसे काहीसे. अंतर चाळीस यार्ड आणि तीस इंच व्यासाचे वर्तुळ, या मापाने बघतात. सरळ नळीचे शंभरातले चाळीस छर्रे वर्तुळात पडतात, पूर्ण आवळलेल्या नळीचे सत्तर. म्हणजे आजोबांच्या काडतुसातल्या तीनशे छर्‍यांपैकी एका नळीतून एकशेवीस आणि दुसरीतून दोनशेदहा. नळी तीच, दारू तीच, भार तोच.

हा शोध कोणाचा, यावर वाद आहे. न्यूकॅसलच्या पेप यांचे पेटंट १८६६चे. अमेरिकेत इलिनॉयचे बदकमार फ्रेड किंबल यांनी आपणच तो लावला, असा दावा केला. ग्रीनर यांनी १८७४मध्ये तो बाजारात आणला आणि पुढल्या वर्षी लंडनच्या जाहीर चाचण्यांत त्यांच्या बंदुकांनी जुन्या नळ्यांना मागे टाकले. तेव्हापासून बदकाच्या बंदुकीची एक नळी तरी पूर्ण आवळलेली असावी, हा पायंडा पडला. आजोबांची डावी तशी आहे.

यातली एक गोष्ट विक्रेते सांगत नसत. आवळलेली नळी लांब पोचते, पण जवळच्या पक्ष्यावर तिचा थवा थाळीएवढा असतो. नेम थोडा चुकला की चुकलाच आणि थवा पूर्ण बसला तर पक्षी खाण्याजोगा राहत नाही. शिवाय लांब पोचते म्हटल्यावर माणूस लांबून मारू लागतो. पन्नास यार्ड, साठ यार्ड. तिथे पुन्हा तीच विरळ फट, तोच जखमी पक्षी. बंदूक जितकी पुढे गेली, तितका हाताचा मोह तिच्याही पुढे गेला.

लाकडी खुंटी

या मोहाची टोकाची कहाणी अमेरिकेची. चेसापीकच्या उपसागरावर आणि मिसिसिपीच्या खोर्‍यात बाजारासाठी बदके मारणारे व्यावसायिक होते. रेल्वे आणि बर्फ यांनी माल शहरांच्या हॉटेलांपर्यंत जाई. त्यांच्या हाती आधी नावेवरच्या बंदुका होत्या, मग एकामागून एक बार काढणार्‍या बंदुका आल्या. विन्चेस्टरची पुढचा दांडा मागेपुढे ओढायची बंदूक १८९७ची. जॉन ब्राउनिंग यांची आपोआप भरणारी पाच बारांची बंदूक विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियममध्ये बनू लागली. कधीकाळी आकाश झाकणारे प्रवासी कबूतर १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटच्या मादीबरोबर संपले. बदकांचेही तसेच होईल, ही भीती खरी होती.

१९०० साली लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या पक्ष्यांच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घातला. १९१६ साली कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी स्थलांतरी पक्ष्यांचा करार झाला आणि १९१८च्या कायद्याने त्यांची विक्रीच बंद झाली. त्याबरोबर दहा बोअरहून मोठी बंदूक बदकांवर वापरायला मनाई आली. १९३५ साली बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे, असा नियम झाला. तो पाळायचा कसा? पाच बारांच्या बंदुकीच्या पोटात एक लाकडी खुंटी बसवायची, म्हणजे दोन काडतुसांची जागा बुजते. चाळीस वर्षे यंत्रज्ञांनी जी जागा निर्माण केली, ती कायद्याने लाकडाच्या तुकड्याने बुजवली. ब्रिटनने १९५४ साली नळीच्या व्यासावर पावणेदोन इंचांची मर्यादा घातली.

१९३४पासून प्रत्येक बदकमाराला सरकारी तिकीट विकत घ्यावे लागे. त्याच्या पैशांतून पाणथळ जागा राखल्या गेल्या. १९३७पासून बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामी लागला. शिकारीला विरोध असणार्‍यांनाही हे मान्य करावे लागते, की तिथली कित्येक तळी या पैशांवर जगली.

केवलादेवचा दगड

आपल्याकडची कथा वेगळी आहे, कारण इथे बंदूक निवडण्याच्या आधी ती कोणाच्या हाती असावी हे ठरले होते. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला सूट होती. त्याच सुमारास, १८७९ ते १८८१ या काळात, अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी मार्शल यांच्याबरोबर हिंदुस्थानातल्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंड काढले. हेच ह्यूम १८८५ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसचे एक संस्थापक. त्याच वर्षी त्यांचा पक्ष्यांचा प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला गेला. थिऑसॉफीकडे वळल्यावर त्यांनी मांसाहार आणि पक्षी मारणे दोन्ही सोडले होते. काँग्रेसच्या सुरुवातीच्या ठरावांत शस्त्र कायदा सैल करण्याची मागणी होती, हा योगही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

भरतपूरच्या केवलादेव तळ्यावर महाराजांच्या शिकारींची नोंद दगडावर कोरून ठेवली आहे. मी तिच्यासमोर तासभर उभा होतो. लॉर्ड कर्झन यांच्यासाठी १९०२ साली झालेल्या शिकारीत ५४० पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो आले, त्या एका दिवशी ४,२७३. नावेवरच्या तोफा तिथे नव्हत्या. पाहुण्यांच्या हातात खांद्यावरच्या बंदुकाच होत्या. फरक होता काडतुसांच्या पुरवठ्यात, पक्षी उठवणार्‍या माणसांत आणि कोणीही 'पुरे' न म्हणण्यात. त्या दगडावर 'गेले' असा रकाना नाही.

याच तळ्यावर पुढे सालिम अली यांनी पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५१चा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा आला. आजोबांचे शिकारीचे परवाने याच कायद्याखालचे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानेही छोट्या शिकारीची वाट पूर्ण बंद केली नव्हती. ती १९९१च्या दुरुस्तीने झाली. आपल्या देशापुरते बदकासाठी बंदूक निवडण्याच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर तेव्हापासून 'कोणतीच नाही' असे आहे.

चुकलेल्या छर्‍यांचे काय

एक गोष्ट मात्र कोणाच्या हिशेबात बराच काळ आली नाही. काडतुसातल्या तीनशे छर्‍यांपैकी फार तर पाचसहा पक्ष्याला लागतात. उरलेले तळ्यात पडतात. बदक दाणा दळण्यासाठी बारीक खडे गिळते आणि ते खडे पोटातल्या स्नायूंच्या जठरात राहतात. शिशाचा छर्रा त्याला खडाच वाटतो. तो झिजतो, रक्तात उतरतो, पंख लुळे पडतात आणि पक्षी उपासमारीने मरतो. जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी अमेरिकेत हे १८९४मध्येच छापले होते. १९५९ साली फ्रँक बेलरोज यांनी अंदाज मांडला, की उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दरवर्षी असे मरत असावेत. तरी अमेरिकेत बदकांसाठी शिशाचे छर्रे देशभर बंद व्हायला १९९१ साल उजाडले. इंग्लंडमध्ये १९९९, युरोपीय संघाच्या पाणथळींत २०२३.

शिशाच्या जागी पोलाद आले आणि बंदुकीची निवड पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पोलाद हलके, शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८. म्हणून छर्रा दोन नंबरांनी जाड घ्यायचा, काडतूस लांब घ्यायचे आणि नळी कमी आवळायची, कारण पोलाद दबत नाही आणि जुन्या पातळ नळीचे तोंड फुगवते. आजोबांची बंदूक आज जगातल्या पुष्कळ तळ्यांवर नेताच येणार नाही. बिस्मथसारख्या मऊ आणि महाग धातूचे छर्रे घेतले तरच.

'लांब'

आता मूळ प्रश्न. आजोबांनी चुकीची बंदूक निवडली होती काय?

हे सगळे वाचून मी वही पुन्हा काढली. सुरुवातीच्या पानांत 'गेले' या रकान्यात आकडे दाट आहेत. पुढे ते विरळ होत जातात. बंदूक तीच आहे. काडतुसे बदलली, विलायतीऐवजी खडकीची आली. तेवढ्याने फरक पडत नाही. फरक शेवटच्या रकान्याबाहेर, समासात आहे. पुढच्या वर्षांत तिथे एक शब्द पुनःपुन्हा येतो : 'लांब'. काडतुसे शून्य, पक्षी शून्य, समासात 'लांब'. चक्रवाक आले होते, लांब. तलवार बदके, लांब. कधी कधी सबंध सकाळ अशी गेली आहे. आत्या म्हणते, ते गुडघाभर पाण्यात लव्हाळ्यात बसून राहायचे आणि रिकाम्या हाताने परत येऊन मजेत चहा मागायचे.

दुकानदारांचे म्हणणे बंदुकीबद्दल खरे होते. ती पस्तीस यार्डांची बंदूक आहे. पण हॉकरपासून पाच बारांपर्यंतचा इतिहास अंतर कापण्याचे काम बंदुकीकडे सोपवण्याचा इतिहास आहे आणि प्रत्येक वेळी मागाहून कायद्याला खुंटी ठोकावी लागली. आजोबांनी ते काम स्वतःकडे घेतले. छोट्या बंदुकीची मर्यादा त्यांनी आपली मर्यादा मानली. त्यांनी पक्षी मारले, हे मी झाकत नाही. त्यातले काही तडफडून मेले, हे त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. शिवाय त्यांचे चुकलेले छर्रे हिप्परग्याच्या गाळात अजून असतील आणि तो हिशेब कोणत्याच रकान्यात नाही. पण जखमी पक्ष्याचा आकडा रोज स्वतःविरुद्ध लिहून काढणारा माणूस, लाटसाहेबांच्या दगडाहून मला जवळचा वाटतो.

अर्जाचे म्हणाल, तर तो रकाना मी कोराच ठेवला आणि मार्चमध्ये बंदूक सरकारजमा केली. नोंद करणार्‍या हवालदारांनी नळ्यांवरचे आकडे विचारले. मी पाठ म्हटल्यासारखे सांगितले : बारा बोअर, अडीच इंच, डावी आवळलेली. वही माझ्याकडे आहे. यंदा जानेवारीत हिप्परग्यावर गेलो, तेव्हा ती बरोबर होती. सकाळी साडेसातला चक्रवाकांची जोडी पलीकडच्या काठाला उतरली. मी शेवटच्या पानावर तारीख घातली, वारा लिहिला आणि समासात लिहिले : 'लांब.'